बेबी ताई, पत्नी दत्तू

निगम वकिलांनी ताटावर झाकण ठेवावं तसा फायलीवर पंजा ठेवला. फाईल काही उघडली नाही.

"मॅडम, मामूली बात है. इकबाल कर लीजिए. जज साहब पाँच सौ का जुर्माना लगाएँगे, शाम तक आप फुर्सत."

इकबाल म्हणजे गुन्हा कबूल करणं. निशातगंजच्या त्या जिन्याखालच्या चेंबरमध्ये बेबी तायडे हे वाक्य चौथ्यांदा ऐकत होती. पहिल्या वेळी तिनं ते सल्ला म्हणून ऐकलं होतं, दुसऱ्या वेळी वकिलांचा विसराळूपणा म्हणून. तिसऱ्या वेळेला तिनं खात्याच्या नियमांच्या पुस्तकातलं पान झेरॉक्स करून नेलं आणि त्यावर पेन्सिलीनं खूण करून दिली. ते पान आता निगमसाहेबांच्या चहाच्या कपाखाली होतं.

"साहब, मैं सरकारी नौकरी में हूँ," बेबी म्हणाली. "सज़ा पाँच रुपये की हो तो भी सज़ा है. मेरा प्रमोशन लिफ़ाफ़े में बंद पड़ा है. इकबाल किया तो लिफ़ाफ़ा कभी नहीं खुलेगा."

"अरे, दफ़्तर को बताएगा कौन?"

"मैं बताऊँगी. बताना पड़ता है."

निगमसाहेबांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू आजारापेक्षा रोगीच अवघड निघाला. मग त्यांचा फोन वाजला, ते 'जी भाईसाहब, जी' करत बाहेर गेले आणि त्यांच्या मुन्शीनं, म्हणजे कारकुनानं, पुढची तारीख एका चिटोऱ्यावर लिहून तिच्या हातात दिली. जून महिना होता. पंख्याला वारा नव्हता. ऑगस्टअखेर बेबी निवृत्त होणार होती.

बेबी मूळची मूर्तिजापूरची. दत्तू तायडेशी लग्न झालं, त्याची टेलिफोन खात्यात लखनौला बदली झाली आणि तिनंही तिथे पोस्टात नोकरी धरली. त्याला आता चौतीस वर्षं होत आली होती. चिनहटला, फैजाबाद रोडपासून आत दोन गल्ल्या सोडून, त्यांनी घर बांधलं. प्रिया तिथेच मोठी झाली. तिला मराठी सगळं समजायचं, पण तोंड उघडलं की हिंदी. दत्तूनं स्वेच्छानिवृत्ती घेतली. बेबी मात्र काउंटरवरून रजिस्ट्रीला, रजिस्ट्रीवरून हिशेबाला, तिथून पोस्टमास्तरच्या शेजारच्या टेबलाला अशी पायरी पायरीनं चढत गेली. आता एकच पायरी उरली होती. कोर्टाची समन्सं रजिस्टर करून पाठवणं हे तिच्या हातचं रोजचं काम होतं. त्यातलं एक दिवस आपल्या दारात येईल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

गोष्ट होती २०२०च्या मे महिन्यातली. बुद्धपौर्णिमा होती. दरवर्षी विहारात खीरदान व्हायचं. त्या वर्षी विहाराला कुलूप होतं, सगळ्या देशालाच होतं. पण फैजाबाद रोडवरून माणसांची रांग चालली होती. सुरतेहून, लुधियान्याहून कसंबसं लखनौपर्यंत पोचलेली माणसं पुढे गोंडा, बस्ती, गोरखपूरकडे पायी निघाली होती. बेबीनं सकाळी उठून दोन मोठ्या पातेल्यांत खीर शिजवली. शेजारच्या दोन बायका आल्या, दत्तूनं स्टूल नेलं, आणि गल्लीच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला, तोंडाला फडकी बांधून चौघं उभे राहिले. विटकरीनं रस्त्यावर गोल आखले होते. माणसं गोलात उभी राहत, द्रोण घेत, पुढे जात. एका बाईच्या पायाला चपलेऐवजी पाण्याच्या बाटल्या दोरीनं बांधलेल्या होत्या. तिनं दोनदा खीर मागितली आणि बेबीनं दोनदा दिली, एवढं तिला अजून आठवत होतं.

जीप आली तेव्हा शेजारणी घरात पळाल्या. दत्तू रिकामं झालेलं पातेलं घेऊन आत गेला होता. "ये किसका भंडारा है?" असं एका फौजदारानं विचारलं. खिरीचा डाव बेबीच्या हातात होता.

"मेरा," ती म्हणाली.

"नाम?"

"बेबी तायडे."

"पति का नाम?"

"दत्तू."

त्यानं लिहून घेतलं, दोन शब्द सुनावले आणि जीप गेली. खीर तशीही संपत आली होती. त्या गोष्टीला कुणी महत्त्व दिलं नाही, बेबीनंही नाही.

या वर्षी जानेवारीत एक शिपाई मोटरसायकलवर आला. दार प्रियानं उघडलं. "मम्मी, पुलिस आई है," ती आत येऊन म्हणाली, "आपको ताई बोल रहे हैं."

समन्सावर खरंच तसं लिहिलं होतं: सरकार विरुद्ध बेबी ताई, पत्नी दत्तू, व तीन अज्ञात. संचारबंदीचा हुकूम मोडणं आणि रोग पसरेल असं निष्काळजी कृत्य करणं, अशी दोन कलमं. तायडेचं ताई झालं होतं आणि पत्ताही अर्धाच होता, म्हणून कागद इतकी वर्षं ठाण्यातच फिरत राहिला. त्या काळातले असले कितीतरी खटले नंतर मागे घेतले गेले, हे दत्तूला ठाऊक होतं. हा कसा काय उरला, ते मात्र कुणालाच सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी बेबीनं ऑफिसात जाऊन लेखी कळवलं, की माझ्यावर असा असा फौजदारी खटला आहे.

त्या रात्री जेवताना दत्तू घास हातात धरून थांबला. "तुले कोनं सांगतलं होतं ऑफिसात सांगाले?"

"नियम हाय."

"नियम! कोनाले मालूम पडलं असतं?"

"मले मालूम होतं ना."

एप्रिलमध्ये बढतीची कमिटी बसली. पोस्टमास्तरपदासाठी बेबीचं नाव विचारात घेतलं गेलं आणि रिवाजाप्रमाणे निर्णय पाकिटात घालून लाख लावून कपाटात ठेवला गेला. खटल्याचा निकाल लागला की पाकीट उघडायचं. निर्दोष सुटली तर बढती, शिक्षा झाली तर पाकिटात काय आहे हे कुणी विचारायचंही नाही.

निगमसाहेब दत्तूच्या जुन्या साहेबांच्या ओळखीचे होते. वकालतनाम्यावर सही करताना बेबीनं तो पूर्ण वाचला, तेव्हा ते हसून म्हणाले होते, "इसे कोई नहीं पढ़ता." त्या हसण्यावरूनच ओळखायला हवं होतं, असं तिला पुढे वाटलं.

पहिल्या तारखेला निगमसाहेब दुसऱ्या कोर्टात होते. दुसऱ्या तारखेला न्यायाधीश रजेवर. तिसऱ्या तारखेला कुणी ज्येष्ठ वकील वारले म्हणून काम बंद. चौथ्या तारखेला फाईलच सापडेना. मुन्शी तासभर कपाटं धुंडाळून आला आणि म्हणाला, "तायडे के नाम से कोई केस ही नहीं है." बेबी म्हणाली, "ताई के नाम से देखो." फाईल पहिल्याच गठ्ठ्यात होती. तोवर न्यायाधीश उठून गेले होते.

दर तारखेला एक रजा जायची. सगळ्या नोकरीत तिनं एका वर्षात कधी इतक्या रजा घेतल्या नव्हत्या. ऑफिसात पोरंसोरंही आता हळू आवाजात विचारायची, "मॅडम, वो केस का क्या हुआ?" विचारण्यात काळजी असायची, पण त्या काळजीचाच तिला जास्त राग यायचा. ज्या टेबलावर बसून तिनं इतरांच्या चुका पकडल्या, त्याच टेबलाकडे आता लोक दुसऱ्याच नजरेनं पाहत होते.

आणि प्रत्येक वेळी निगमसाहेबांचं तेच. इकबाल कर लीजिए.

जुलैच्या आठ तारखेला दत्तू तिच्यासोबत कोर्टात आला. एरवी तो बाहेर चहाच्या टपरीवर थांबायचा, आज आत येऊन बाकावर बसला. लहानशी खोली, गर्दी ही एवढी. निगमसाहेबांचा ज्युनियर कागद घेऊन आला. "मॅडम, यहाँ दस्तखत."

बेबीनं कागद घेतला आणि चष्मा लावला.

"जल्दी कीजिए, नाम पुकारने वाले हैं."

ती वाचत राहिली. 'मैं अपना जुर्म स्वेच्छा से, बिना किसी दबाव के, स्वीकार करती हूँ.' दोन वेळा वाचून तिनं मान वर केली.

"ये किसने बनाया?"

"सर ने. सर की कल भाईसाहब से बात हो गई थी ना."

भाईसाहब म्हणजे दत्तू. बेबीनं त्याच्याकडे पाहिलं. दत्तू पंख्याकडे पाहत होता.

"बेबी ताई! बेबी ताई हाज़िर हो!"

ती पुढे गेली. कागद तिच्या हातातच होता, सही न केलेला. निगमसाहेब कुठूनतरी प्रगट झाले आणि कोट सावरत म्हणाले, "हुज़ूर, मुल्ज़िमा अपना जुर्म..."

"नहीं," बेबी म्हणाली.

न्यायाधीश तरुण होते. त्यांनी प्रथमच कागदावरून डोळे उचलले. "क्या नहीं?"

"जुर्म स्वीकार नहीं है."

"हुज़ूर, घबरा गई हैं," निगमसाहेब म्हणाले. "पाँच मिनट दे दीजिए, समझा देता हूँ."

"समझी हुई हूँ, साहब. पढ़कर आई हूँ."

न्यायाधीशांनी फायलीचं पान उलटलं. "इसमें लिखा है आप सड़क पर खीर बाँट रही थीं. बाँटी थी?"

"जी, बाँटी थी."

"लॉकडाउन में?"

"जी."

"तो फिर?"

"खीर बाँटी थी, साहब. बीमारी नहीं बाँटी."

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत, पण त्यांनी चिडूनही काही म्हटलं नाही. आरोपीला गुन्हा कबूल नाही, असं लिहायला सांगून साक्षीपुराव्यासाठी तारीख दिली. ऑगस्टची पाच. बाहेर व्हरांड्यात निगमसाहेब तिच्यावर अक्षरशः ओरडले. वीस वर्षांच्या वकिलीत आपला असा अपमान झाला नाही, एका पाचशे रुपयांच्या केससाठी आता ते साक्षीदार तपासत बसणार नाहीत, तिनं दुसरा वकील बघावा. बेबीनं शांतपणे म्हटलं, "फ़ाइल दे दीजिए." ते तसेच निघून गेले.

घरी आल्यावर दत्तूनंच तोंड उघडलं.

"मले वाटलं, एकदाची संपून जाईन कटकट."

"कोनाची कटकट?"

"तुही. आपली. रोज उठून तेच ते. झोप नाई तुले, रात्री उठून बसतं. पाचशे रुपयात सुटत होतं, तर काय बिघडलं असतं?"

"माह्या नावावर गुन्हा लागला असता, हे बिघडलं असतं. आन् मले न विचारता तुमी हो म्हणून आले!"

"विचारलं असतं तर तू नाईच म्हटलं असतं."

"मंग माहीत होतं तर गेले काहून?"

बेबी स्वयंपाकघरात गेली, परत आली. जे बोलायचं नाही असं तिनं पाच वर्षं स्वतःशी ठरवून ठेवलं होतं, ते तिच्या तोंडून आता निघालंच.

"त्या कागदावर तीन अज्ञात लिहिले हायेत. दोघी शेजारनी. तिसरा कोन, तुमाले मालूम हाय."

दत्तू खाली बसला.

"पातेलं घेऊन तुमी भिंतीमागं उभे होते. मले दिसत होते. जीप जाईपर्यंत उभे होते. मी नाव नाई घेतलं तुमचं. तवा नाई घेतलं, आता बी नाई घेनार. पन मले इकबाल कर म्हनाले तुमाले तोंड तरी कसं झालं?"

प्रिया आतल्या खोलीच्या दारात उभी होती. "पापा?" एवढंच म्हणाली. दत्तू उठून गच्चीवर गेला. जेवायला तो बराच उशिरा खाली आला आणि मान खाली घालून जेवला.

बेबी आणखी दोन वकिलांकडे जाऊन आली. एकानं कागद न बघताच हायकोर्टात जावं लागेल म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं विचारलं, "पहले वाले ने इकबाल की सलाह नहीं दी?" ती खुर्चीवरून उठलीच.

मग तिला काउंटरवर येणारी एक बाई आठवली. नुज़हत रिज़वी. पंचेचाळिशीची, काळा कोट हातावर टाकून यायची, नोटिसा रजिस्टर करायला. काउंटरवर वकील ढिगानं यायचे. अर्धे पिनकोड लिहायचे नाहीत, पोचपावतीवर पाठवणाऱ्याचं नाव विसरायचे, आणि पाकीट परत आलं की पोस्टाला शिव्या घालायचे. रिज़वीबाईंचं एकही पाकीट कधी पत्त्याच्या चुकीनं परत आलेलं नव्हतं. त्या उभ्याउभ्या पावती वाचायच्या, एकदा त्यांनी नंबरातला एक आकडा चुकलेला दाखवला होता आणि तो खरंच चुकलेला होता. पत्ता धड लिहिणारा माणूस कागदही धड वाचत असेल, असा बेबीनं हिशेब केला. वकील निवडायची याहून बरी रीत तिला माहीत नव्हती.

कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली रिज़वीबाईंचं टेबल होतं. "अरे, पोस्ट ऑफ़िस वाली मैडम!" त्यांनी ओळखलं. बेबीकडे फाईल नव्हती, फक्त समन्स आणि आरोपपत्राची तिनं स्वतः काढलेली नक्कल होती. रिज़वीबाईंनी पेन्सिल घेतली आणि वाचायला सुरुवात केली. पहिलं पान, दुसरं पान. मध्ये कुणी बोलायला आलं, तर त्यांनी हातानं थांबवलं. बेबी शेडच्या पत्र्यावर वाजणारी कबुतरांची नखं ऐकत बसली. वीस मिनिटं झाली असतील.

"इसमें शिकायत कहाँ है?" रिज़वीबाईंनी विचारलं.

"किसकी शिकायत?"

"जिस अफ़सर का हुक्म आपने तोड़ा. इस धारा में मुक़दमा पुलिस की रिपोर्ट पर चलता ही नहीं. उसी अफ़सर को, या उसके ऊपर वाले को, लिखकर अदालत में शिकायत देनी होती है. यहाँ तो सिर्फ़ पुलिस की चार्जशीट है." त्यांनी पान उलटलं. "और ये दूसरी. बीमारी फैलाने वाली. बीमार कौन था? आप? आपकी जाँच हुई? खाने वाला कोई बीमार पड़ा? काग़ज़ में एक नाम नहीं है."

"मतलब?"

"मतलब इसमें गवाही तक जाने की ज़रूरत ही नहीं. एक दरख़्वास्त लगती है कि कार्रवाई यहीं रोक दी जाए और आपको छोड़ा जाए. ये तो पहली तारीख़ पर लग सकती थी."

बेबीला आनंद व्हायला हवा होता. तिच्या अंगाचा भडका उडाला. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे, जून, जुलै. सगळ्या रजा, सगळे ऑटो, जिन्याखालची ती खोली, कपाखालचं ते पान. आणि उत्तर वीस मिनिटांवर होतं, कुणी फक्त बसून वाचायचं होतं! तिनं पदर तोंडाला लावला. रिज़वीबाईंना वाटलं ती रडते आहे, त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. "रो नहीं रही हूँ," बेबी म्हणाली. "ग़ुस्सा आ रहा है."

"पी लीजिए. ग़ुस्से में भी प्यास लगती है."

पण अडचण होती. जुन्या वकिलाची ना-हरकत सही असल्याशिवाय नव्या वकिलानं केस हातात घ्यायची नाही, असा रिवाज. निगमसाहेब फोन उचलत नव्हते. मुन्शी म्हणायचा, साहेब बाहेर आहेत. पाच ऑगस्ट जवळ येत होता. बेबीनं हे घरी ताट वाढताना प्रियाला सांगितलं. दत्तू ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून निशातगंजला गेला आणि निगमसाहेबांच्या चेंबरच्या दारात स्टुलावर बसला. साहेब नाहीत, मुन्शी म्हणाला. "बैठता हूँ," दत्तू म्हणाला. संध्याकाळपर्यंत बसला. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेला. येणारे पक्षकार विचारायचे, कशासाठी बसलात? दत्तू प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचा, की वकीलसाहेबांनी आपल्या बायकोला न केलेला गुन्हा कबूल करायला सांगितलं, आता सोडत नाहीत. टेलिफोनच्या खांबावर उन्हात आयुष्य काढलेल्या माणसाला स्टुलाचं काय कौतुक! तिसऱ्या दिवशी दुपारी निगमसाहेबांनी आतून कागद मागवला, सही केली आणि तो फाईलसकट बाहेर फेकल्यासारखा पाठवला.

दत्तू ते सगळं घेऊन परस्पर कोर्टाच्या आवारात गेला. रिज़वीबाईंपुढे फाईल ठेवून उभाच राहिला.

"और कुछ?"

"मैडम, उसमें तीन अज्ञात लिखा है. एक मैं हूँ. मेरा नाम लिख दीजिए."

रिज़वीबाईंनी पेन खाली ठेवलं. "भाईसाहब, एक को निकाल रही हूँ, आप दूसरा भरने आए हैं? घर जाइए. जिससे कहना है, उससे कहिए."

हे सगळं बेबीला रिज़वीबाईंकडूनच कळलं. दत्तूनं घरी येऊन फक्त एवढंच सांगितलं, "सही भेटली." आणि थोड्या वेळानं, भांडी विसळत असलेल्या तिच्या पाठीला म्हणाला, "मी भ्यालो होतो तवा. नोकरी सुटली होती, वाटलं आता हेही... भ्यालो होतो, बेबी."

"मालूम हाय मले," ती म्हणाली. राग गेला नव्हता. पण तिनं विसळलेलं ताट त्याच्या हातात दिलं आणि त्यानं ते पुसून ठेवलं.

पाच ऑगस्टला अर्ज दाखल झाला. सरकारी वकिलांना उत्तरासाठी मुदत हवी होती, मिळाली. बारा तारखेला उत्तर तयार नव्हतं. एकोणिसला पुन्हा वकिलांचं काम बंद. बेबी बाकावर बसून कॅलेंडरचे दिवस मोजत होती. एकतीस तारखेला रविवार, म्हणजे कामाचा शेवटचा दिवस एकोणतीस, शुक्रवार. पंचवीस तारखेला सोमवारी, जेवणाच्या सुट्टीच्या आधी, रिज़वीबाई सात-आठ मिनिटं बोलल्या. सरकारी वकिलांनी एकदा फाईल चाळली आणि म्हणाले, अधिकाऱ्याची तक्रार रेकॉर्डवर नाही, हे खरं आहे. तरुण न्यायाधीशांनी मान हलवली. कार्यवाही थांबवण्यात येत आहे, आरोपीला मुक्त करण्यात येत आहे. हुकूम सांगून होताच पुढच्या नावाचा पुकारा झाला. बेबी बाकाच्या कडेला धरून उभी होती. एवढंच? तिला वाटलं कुणीतरी काहीतरी म्हणेल, 'आपल्याला त्रास झाला' एवढं तरी. कोर्टाला दिवसभरात अजून साठ नावं पुकारायची होती.

हुकमाची प्रमाणित नक्कल लागणार होती. अर्ज दिला. नक्कल विभागातला एक माणूस रजेवर, दुसऱ्याकडे शिक्का नाही. दत्तू आता तिथे जाऊन बसू लागला, आपली जागा असल्यासारखा. एकोणतीस तारखेला दुपारी सव्वाबाराला नक्कल मिळाली. तो ती घेऊन थेट पोस्टात आला, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. निरोप समारंभाचा हार टेबलावर येऊन पडला होता. बेबीनं नक्कल अर्जासोबत लावली, आवक नोंदवहीत नंबर घातला आणि मोठ्या साहेबांपुढे ठेवली.

साहेब भले माणूस होते. त्यांनी सगळं वाचलं. "मैडम, बहुत ख़ुशी हुई. लेकिन लिफ़ाफ़ा मैं नहीं खोल सकता. ऊपर जाएगा, कमेटी देखेगी."

"कितने दिन?"

त्यांनी हात पसरले. संध्याकाळी पाच वाजता गळ्यात हार घालून बेबी त्याच टेबलावरून उठली, जिथे ती नऊ वर्षं बसली होती. शेजारच्या पोस्टमास्तरच्या खोलीत दिवा लावलेला नव्हता. तिनं तिकडे पाहिलं नाही, असं निरोपाला आलेल्या प्रियाला वाटलं. खरं तर पाहिलं होतं.

पत्र नोव्हेंबरमध्ये आलं, रजिस्टरनं. पोस्टमन ओळखीचाच, तो सही घेताना म्हणाला, "मैडम, अच्छी ख़बर है क्या?" दत्तूनं उभ्याउभ्या दोनदा मोठ्यानं वाचलं. पाकिटात बढतीच होती. एप्रिलपासून श्रीमती बेबी तायडे यांना पोस्टमास्तर समजण्यात यावं. समजण्यात यावं, कागदोपत्री. पेन्शन त्या हिशेबानं होईल.

"पोस्टमास्तरीनबाई!" दत्तू म्हणाला. "पेढे आनतो."

"कशाचे?"

दाराकडे निघालेला तो मागे वळला.

"सांगा ना. न केलेल्या गुन्ह्यातून सुटल्याचे, का न बसलेल्या खुर्चीचे?"

"मम्मी, यार," प्रिया म्हणाली, "कुछ तो ख़ुश हो जाओ."

"हाय ना खुश," बेबी म्हणाली, आणि पत्र हातात घेऊन चष्मा लावला. वाचता वाचता तिची भुवई वर गेली. निवृत्तीचा दिनांक ३१ जुलै टाइप झाला होता. एक महिना कुणीतरी खाऊन टाकला होता. तिनं पुन्हा वाचलं. ३१ जुलैच.

"आता काय झालं?" दत्तूनं विचारलं.

तिनं बोट ठेवून दाखवलं. दत्तूनं वाकून पाहिलं आणि त्याच्या तोंडून सवयीनं निघालं, "जाऊ दे ना वं, कोन पाह्यते..."

बेबीनं नुसती मान वर केली.

"नाई, नाई. लिही," तो घाईनं म्हणाला आणि पायात चपला सरकवल्या. "मी पाकीट आन् तिकीट घेऊन येतो. रजिस्टर करशीन ना?"

"रजिस्टर," बेबी म्हणाली. "पोचपावतीसकट." आणि तिनं फुलस्केप कागद समोर ओढून वर उजव्या कोपऱ्यात तारीख घातली.